कोऱ्या नमुन्यात निघालेला बाम : रासायनिक अस्त्रवापराच्या चौकशीचा ठाण्यातील एक सराव

पार्श्वभूमी

ठाण्यातील एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाने पावसाळा ओसरत असताना दोन दिवसांचा एक सराव आयोजित केला होता. एखाद्या देशात रासायनिक अस्त्र वापरल्याचा आरोप झाल्यावर आंतरराष्ट्रीय निरीक्षक चौकशी कशी करतात, हे व्याख्यानातून सांगण्याऐवजी प्रत्यक्ष करून पाहावे, असा हेतू होता. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील काही कारखान्यांचे सुरक्षा अधिकारी, एम.एस्सी.चे विद्यार्थी, एक फिजिशियन, एक वकील आणि पोलीस खात्यातून निवृत्त झालेले एक अधिकारी त्यात सहभागी झाले. प्रस्तुत लेखकाने आयोजक गटात काम केले. महाविद्यालय, कारखाने आणि व्यक्ती यांची ओळख येथे दिलेली नाही.

या पट्ट्यातील सुरक्षा अधिकाऱ्यांना निरीक्षक हा शब्द नवा नाही. रासायनिक अस्त्रबंदी करार २९ एप्रिल १९९७ रोजी अमलात आला. भारताने त्यासाठी २००० मध्ये स्वतंत्र कायदा केला. ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक सेंद्रिय रसायने बनवणाऱ्या कारखान्यांना दरवर्षी माहिती सादर करावी लागते आणि त्यांच्यापैकी काहींकडे या करारावर देखरेख ठेवणाऱ्या हेगच्या ओपीसीडब्ल्यू या संघटनेचे निरीक्षक प्रत्यक्ष येऊन जातात. ती तपासणी मात्र शांततेच्या काळातली असते: आगाऊ सूचना मिळते, दिल्लीहून राष्ट्रीय प्राधिकरणाचे अधिकारी सोबत येतात, कागद आणि यंत्रे ताडून पाहिली जातात. आरोपित वापराची चौकशी याच करारातून निघाली असली तरी तिचा स्वभाव वेगळा आहे. तिथे घटना घडून गेलेली असते, माणसे मेलेली किंवा होरपळलेली असतात, जागा बहुधा युद्धभूमीत असते आणि ज्याच्यावर संशय आहे तोच कित्येकदा पथकाचा यजमान असतो. कारखान्यातील तपासणीचा अनुभव असलेल्यांना हा फरक सरावाच्या पहिल्या दोन तासांतच जाणवला.

सरावाची मांडणी

एक काल्पनिक देश, त्यातले दोन गल्ल्यांचे एक गाव, आठ दिवसांपूर्वी तेथे पडलेला एक तोफगोळा आणि त्यानंतर डोळ्यांची आग, घोगरा आवाज व त्वचेवर फोड अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात आलेले गावकरी, असे कथानक आयोजकांनी रचले. ही लक्षणे सल्फर मस्टर्ड या त्वचेवर फोड आणणाऱ्या रासायनिक अस्त्राशी जुळणारी आहेत. महाविद्यालयाच्या मागे बंद पडलेली कर्मचारी निवासस्थाने आहेत. त्यांना गाव ठरवले. सहभागींपैकी काही निरीक्षक झाले, काही यजमान सरकारचे प्रतिनिधी, काही साक्षीदार. वकील यजमान सरकारच्या बाजूला गेले, आणि त्यांनी ती भूमिका इतक्या चोखपणे बजावली की दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी काहीजण त्यांच्याशी खरोखरच तुटक बोलत होते.

खऱ्या विषारी रसायनाच्या जागी मिथाइल सॅलिसिलेट वापरायचे ठरले. मस्टर्डच्या प्रसाराचा अभ्यास करताना संशोधक अनेक वर्षांपासून हे द्रव्य पर्याय म्हणून वापरत आले आहेत. त्याचा धोका कमी आहे आणि ते सहज ओळखता येते. एका विद्यार्थ्याने त्याऐवजी डायमिथाइल मिथाइलफॉस्फोनेट सुचवले होते. ते बाजारात अग्निरोधक म्हणून मिळत असले तरी कराराने नियंत्रित केलेल्या रसायनांच्या यादीत, अनुसूची २ मध्ये, येते, आणि रासायनिक अस्त्रांच्या चौकशीच्या सरावासाठी अनुसूचीतलेच रसायन आणण्याची कल्पना कोणालाच पटली नाही. औद्योगिक पट्ट्यातील एका खासगी प्रयोगशाळेने जीसी-एमएस या, मिश्रणातली रसायने वेगळी करून ओळखणाऱ्या यंत्रावर नमुने तपासून देण्याचे मान्य केले.

मिथाइल सॅलिसिलेट म्हणजे विंटरग्रीनचे तेल, आणि आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक वेदनाशामक बामात ते असते. ही गोष्ट आयोजकांना माहीत होती, पण तिचा परिणाम काय होईल याचा विचार झाला नव्हता. पुढे उभ्या राहिलेल्या अडचणीचे मूळ इथेच आहे.

पहिला निर्णय : थांबायचे की बाहेरून सुरुवात करायची

करारातील मुदती वाचताना सगळे वेगाने होणार असे वाटते. मदतीची विनंती आल्यापासून २४ तासांत ओपीसीडब्ल्यूच्या महासंचालकांनी चौकशी सुरू करायची असते, पथकाने त्या देशात पोहोचल्यावर २४ तासांत स्थितिदर्शक अहवाल पाठवायचा असतो, परतल्यावर ७२ तासांत प्राथमिक आणि ३० दिवसांत अंतिम अहवाल द्यायचा असतो. प्रत्यक्षात पथक बहुतेक वेळा दारातच अडकते. सरावातही तसेच झाले. निरीक्षकांचे पथक गावाच्या वेशीवर पोहोचले तेव्हा यजमान प्रतिनिधींनी त्यांना अडवले. रस्त्यावर न फुटलेले गोळे आहेत, सुरक्षेची हमी देता येणार नाही, आपण उद्या सकाळी या, असे त्यांचे म्हणणे होते.

पथकापुढे तीन पर्याय होते. आग्रह धरून आत जायचे, सकाळपर्यंत वाट पाहायची, किंवा गावाबाहेर मिळतील त्या साक्षीदारांपासून आणि रुग्णांपासून काम सुरू करायचे. चर्चेत सीरियात प्रत्यक्ष घडलेली तीन प्रकरणे पुढे आली, आणि त्या तिन्ही ठिकाणी उत्तर निरनिराळे होते.

२०१३ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ ओके सेलस्ट्रॉम यांच्या नेतृत्वाखालील संयुक्त राष्ट्रांचे पथक आधीच्या आरोपांची चौकशी करण्यासाठी १८ ऑगस्टला दमास्कसमध्ये दाखल झाले होते. २१ ऑगस्टला त्याच शहराच्या घूटा या उपनगरी पट्ट्यात हल्ला झाला. तेथे जाण्यासाठी पथकाला २६ तारखेपर्यंत थांबावे लागले आणि त्या दिवशी त्यांच्या ताफ्यावर लपून गोळीबार झाला. तरीही गाडी बदलून ते आत गेले. ४ एप्रिल २०१७ च्या खान शेखून हल्ल्यानंतर ओपीसीडब्ल्यूचे तथ्यशोधन पथक त्या गावात गेलेच नाही. सुरक्षेचा धोका पत्करण्याजोगा नव्हता, म्हणून शेजारच्या देशात आणलेले रुग्ण आणि मृतदेह यांच्यापासून नमुने घेतले गेले, आणि सारिन हे मज्जासंस्थेवर परिणाम करणारे विष किंवा सारिनसारखे द्रव्य वापरल्याचा निष्कर्ष त्यातून निघाला. २०१८ मध्ये दूमा येथे ७ एप्रिलला घटना घडली, पथक त्यानंतर आठवडाभरात दमास्कसला पोहोचले, पण आधी पाहणीसाठी गेलेल्या सुरक्षा चमूवर गोळीबार झाल्याने पहिली प्रत्यक्ष भेट २१ एप्रिललाच होऊ शकली.

पथकप्रमुखाची भूमिका एका सुरक्षा अधिकारी बाईंकडे होती. त्यांनी तिसरा पर्याय निवडला. सकाळी आत जाण्याचे यजमानांकडून लेखी घेतले आणि दुपार साक्षींसाठी वापरली. हा निर्णय योग्य होता असे मला वाटते, कारण शरीरातला पुरावा मातीतल्या पुराव्याइतकाच वेळेशी बांधलेला असतो आणि तो मिळवायला गावात शिरण्याची गरज नसते. सारिनसारखे द्रव्य हवेत लवकर उडून जाते. जमिनीत आणि लघवीत मागे राहतात ती त्याची विघटनद्रव्ये, आणि रक्तातील प्रथिनांना चिकटलेला अंश काही आठवड्यांपर्यंत शोधता येतो.

साक्षी घेताना एक ढिलाई झाली, तिची नोंद करणे आवश्यक आहे. साक्षीदाराला आधी त्याच्या शब्दांत सगळे सांगू द्यावे, मग प्रश्न विचारावेत, शेवटी नकाशावर जागा दाखवायला सांगावी, आणि एका साक्षीदाराची कहाणी दुसऱ्याच्या कानी पडू देऊ नये, अशी पद्धत आहे. पहिल्या दोन साक्षी तशा झाल्या. तिसऱ्या साक्षीदाराला मात्र एका विद्यार्थ्याने थेट विचारले, "काका, वास लसणासारखा होता का?" काकांनी अर्थातच होकार दिला. फिजिशियन डॉक्टरांनी ती साक्ष वगळण्याऐवजी तिच्या नोंदीत प्रश्न जसाच्या तसा लिहायला लावला. वाचणाऱ्याला तिचे वजन स्वतः ठरवता यावे, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसरा निर्णय : नव्वद मिनिटांत काय उचलायचे

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांनी दीड तास दिला. ही मर्यादा कृत्रिम वाटली तरी ती वास्तवापासून दूर नाही: घूटा प्रकरणात तात्पुरत्या युद्धविरामांमुळे पथकाला मोअदमिया येथे अवघे दोन तास आणि झमाल्का व ऐन तर्मा येथे मिळून साडेपाच तास मिळाले होते.

पथकाने रात्री बसून प्राधान्यक्रम लावला होता. गोळ्याच्या तुकड्याखालची माती, दाराची लाकडी चौकट, खिडकीला लावलेली रबरी पट्टी आणि भिंतीचा खरवडा, असे चार नमुने ठरले. ज्या वस्तू द्रव्य शोषून घेतात आणि पावसाने सहज धुऊन जात नाहीत त्यांना वरचे स्थान मिळाले, आणि ठाण्याच्या पावसाचा सरावाला झालेला हा एक उपयोग म्हणावा लागेल, कारण आदल्या रात्रीच्या सरींनंतर उघडी माती घेण्यात अर्थ नाही हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. पाचवा नमुना म्हणजे कोरा नमुना. जिथे काहीही सांडलेले नाही अशा जवळच्या जागेवरून तशीच माती घ्यायची, म्हणजे परिसरातच ते रसायन आधीपासून नव्हते हे दाखवता येते. तो मैदानाच्या कडेचा घ्यायचा होता.

पथकाने कोरा नमुना सर्वांत शेवटी घेतला. वेळ संपत आला होता, आणि आरोपाशी थेट संबंध असलेले नमुने आधी हाती लागावेत हे त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. पण स्वच्छ जागेकडून मळलेल्या जागेकडे जाणे ही नमुने घेण्याची जुनी शिस्त आहे, आणि ती इथे उलटली.

निवृत्त पोलीस अधिकारी नोंदी ठेवत होते. ताब्याची साखळी, म्हणजे नमुना कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची अखंड नोंद, हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज पडली नाही. पंचनामा, पंचांच्या सह्या, मुद्देमालाचे सील यांत त्यांची हयात गेली होती. प्रत्येक नमुना छायाचित्रासह, स्थळनिर्देशांकासह, यजमान प्रतिनिधीच्या समक्ष दुहेरी पिशवीत बंद झाला, आणि प्रत्येकाचा एक भाग करारातील तरतुदीप्रमाणे यजमानांच्या हवाली करण्यात आला. एका सीलच्या क्रमांकात दोन अंकांची अदलाबदल झाली होती. विद्यार्थिनी आकडा गिरवून दुरुस्त करू लागली तेव्हा त्यांनी तिला थांबवले. "खोडून नाही लिहायचं. एक रेघ मार, बाजूला बरोबर आकडा, सही आणि वेळ. चूक दिसली पाहिजे." पुढच्या दिवसाभराच्या वादाला हे वाक्य पुरून उरले.

अडचण

प्रयोगशाळेकडून संध्याकाळी निकाल आला. चौकटीचे लाकूड, तुकड्याखालची माती आणि रबरी पट्टी यांत मिथाइल सॅलिसिलेट सापडले. भिंतीच्या खरवड्यात सापडले नाही. आणि कोऱ्या नमुन्यात सापडले.

यजमानांच्या वकिलांनी हीच संधी साधली. कोरा नमुना दूषित असेल तर एकतर ते द्रव्य सगळ्या परिसरात आधीपासूनच आहे, किंवा पथकाने स्वतःच ते इकडून तिकडे नेले आहे. दोन्ही परिस्थितींत उरलेल्या नमुन्यांना अर्थ राहत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. तार्किकदृष्ट्या त्यात खोट काढणे कठीण होते.

दूषित हातमोज्यांमुळे हे झाले असावे, असे पथकाला आधी वाटले. प्रत्येक नमुना घेण्यापूर्वी बाहेरचे हातमोजे बदलायचे असतात. ते बदलल्याची नोंद चार वेळा होती, पाचव्या वेळची नव्हती. मग नमुने घेणारे सुरक्षा अधिकारी स्वतःहून पुढे आले. कर्जतहून लोकलने उभ्याने आल्यामुळे त्यांची कंबर धरली होती आणि शेवटचा नमुना घेण्यापूर्वीच्या विश्रांतीत त्यांनी बाम चोळला होता. हात धुतले होते, असे ते म्हणाले. साबणाने धुतले होते का, यावर ते थांबले.

म्हणजे आता दोन शक्यता होत्या. द्रव्य गावातून मोज्यांवर बसून आले, किंवा डबीतून बोटांवर. पहिली शक्यता खरी असेल तर कोरा नमुना बिघडला तरी गावात द्रव्य होते हे उलट पक्केच होते. दुसरी खरी असेल तर त्याच हातांनी घेतलेल्या इतर नमुन्यांचे काय, हा प्रश्न उरत होता.

पर्यायांची चर्चा

एका गटाचे मत होते की कोरा नमुना अहवालातून वगळावा. तो आरोपाशी संबंधित नाही, त्याची चूक मान्य झालेली आहे, वाचकाचा गोंधळ कशाला वाढवायचा? हा विचार करणारे लोक अप्रामाणिक नव्हते. औद्योगिक प्रयोगशाळेत एखादे वाचन स्पष्ट कारणासह बाद करणे नित्याचे आहे, आणि ते त्याच सवयीने बोलत होते. पण तिथे बाद केलेले वाचन मालकाच्या दप्तरात राहते. इथे यजमानांकडे प्रत्येक नमुन्याचा दुसरा भाग होता. त्यांनी तो स्वतः तपासला असता आणि अहवालात त्याचा उल्लेखच नाही हे जगाला दाखवले असते, तर उरलेल्या तीन नमुन्यांवर कोणी विश्वास ठेवला असता?

दुसरा गट नेमका उलट टोकाला होता. सर्व नमुने बाद ठरवावेत, निष्कर्ष काढता येत नाही असे लिहावे. हे वरवर अधिक नेक वाटते. तथ्यशोधन पथकाने तसे लिहिलेही आहे: १ ऑगस्ट २०१६ ची सराकिबची आणि २४ नोव्हेंबर २०१८ ची अलेप्पोची घटना, या दोन्हींबाबत २०२० मध्ये आलेल्या अहवालांत उपलब्ध माहितीवरून निष्कर्ष काढता येत नाही असे नमूद आहे. पण हे वाक्य सगळे तपासून झाल्यावर लिहायचे असते. हातात असलेली माहिती न तपासताच ते लिहिणे म्हणजे पीडितांची साक्ष परस्पर निकाली काढणे होय, असा आक्षेप डॉक्टरांनी घेतला आणि तो सर्वांना लागला.

तिसरा पर्याय एका विद्यार्थिनीने मांडला. प्रयोगशाळेला फक्त एकच रसायन शोधायला सांगितले होते. पण यंत्राने नमुन्यातले सगळेच नोंदवलेले असणार. बामात एकटे मिथाइल सॅलिसिलेट नसते. मेंथॉल असते, कापूर असतो, निलगिरीचे तेल असते. आयोजकांनी गावात टाकलेले द्रव्य शुद्ध होते. तेव्हा मूळ आलेख पुन्हा वाचून घ्यावेत.

खऱ्या चौकशीतही हाच मार्ग निर्णायक ठरत आला आहे. नुसते मुख्य रसायन सापडले की नाही यापेक्षा त्याच्यासोबत कोणत्या अशुद्धी, कोणती उपद्रव्ये आणि कोणती विघटनद्रव्ये सापडली, यावरून ते कुठून आले असावे याचा माग काढता येतो. दूमा येथे क्लोरीनचा प्रश्न होता. क्लोरीन वायू स्वतः मागे राहत नाही आणि क्लोराइड तर मातीत, पाण्यात सर्वत्र असते. तेथे लाकडाच्या नमुन्यांत सापडलेली, लाकडातील नैसर्गिक द्रव्यांशी क्लोरीनची प्रक्रिया होऊन बनणारी बॉर्निल क्लोराइडसारखी संयुगे महत्त्वाची ठरली.

कृती

पथकप्रमुखांनी तिसरा पर्याय स्वीकारला आणि त्याला एक अट जोडली: फेरवाचनाचा निकाल काहीही आला तरी पाचही नमुन्यांची संपूर्ण माहिती अहवालाच्या परिशिष्टात जाईल, आणि हे निकाल येण्यापूर्वीच यजमानांना लेखी कळवले जाईल. माझ्या मते संपूर्ण सरावातला सर्वांत चांगला निर्णय हाच होता, आणि त्याचे महत्त्व त्याच्या क्रमात आहे. निकाल पाहून मग ठरवले असते तर तीच अट सोयीची वाटली असती.

प्रयोगशाळेने रात्री आलेख पुन्हा पाहिले. कोऱ्या नमुन्यात मेंथॉल आणि कापूर स्पष्ट होते. लाकडात आणि तुकड्याखालच्या मातीत दोन्हींपैकी काहीच नव्हते. रबरी पट्टीत मेंथॉलचे फिकट शिखर होते, आणि ते कुठून आले हे शेवटपर्यंत कळले नाही, कारण नमुना-अधिकाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे पट्टी बाम लावण्यापूर्वीच घेतलेली होती. कदाचित आदल्या दिवशीचा बाम असेल; कदाचित रबराने वर्षानुवर्षे कोणाकोणाच्या हातांचा वास जपला असेल.

पथकाने पट्टीचा नमुना निष्कर्षासाठी वापरायचा नाही असे ठरवले. हा निर्णय एकमताने झाला नाही. त्या नमुन्यात मिथाइल सॅलिसिलेटचे प्रमाण मेंथॉलच्या मानाने कितीतरी अधिक होते, नेहमीच्या बामात ते तसे नसते, तेव्हा मुख्य भाग गावातूनच आलेला असणार, असे दोन सदस्यांनी मांडले. त्यांचे भिन्न मत कारणांसह नोंदवले गेले.

तिसरा निर्णय : अहवालाचे वाक्य

शेवटचा वाद सर्वांत लांबला. गोळ्याच्या तुकड्याला शेपटीचे एक पाते होते आणि जमिनीतल्या खळग्याची दिशा मोजलेली होती. एका तरुण सदस्याला त्यावरून गोळा कोणत्या बाजूने आला ते लिहायचे होते. त्याचे गणित चुकीचे नव्हते. पण पथकाला दिलेल्या आदेशपत्रात एकच प्रश्न होता: रासायनिक अस्त्र वापरले गेले का.

ही मर्यादा अनेकांना पळवाट वाटते आणि तिच्यामागचा इतिहास लक्षात घेतल्याशिवाय ती पटत नाही. सेलस्ट्रॉम यांच्या पथकाला वापर झाला का एवढेच ठरवायचे होते, कोणी केला हे नव्हे. तरी १६ सप्टेंबर २०१३ च्या अहवालात जमिनीवरून जमिनीवर मारा करणाऱ्या रॉकेटांचे वर्णन आणि त्यांच्या मार्गाच्या मोजलेल्या दिशा दिलेल्या होत्या. त्यावरून नकाशावर रेघा ओढण्याचे काम इतरांनी केले. २०१४ मध्ये नेमलेल्या तथ्यशोधन पथकालाही तीच मर्यादा होती. दोषी कोण हे सांगण्यासाठी सुरक्षा परिषदेने ऑगस्ट २०१५ मध्ये ठराव २२३५ नुसार संयुक्त राष्ट्रे आणि ओपीसीडब्ल्यू यांची वेगळी संयुक्त यंत्रणा नेमली, जी रशियाच्या नकाराधिकारामुळे २०१७ च्या अखेरीस संपली. त्यानंतर जून २०१८ मध्ये करारातील देशांच्या विशेष परिषदेने बहुमताने तो अधिकार ओपीसीडब्ल्यूला दिला आणि तपास व ओळख पथक स्थापन झाले. दूमा प्रकरणात तथ्यशोधन पथकाचा अहवाल मार्च २०१९ मध्ये आला आणि सीरियाच्या हवाई दलाकडे निर्देश करणारा दुसऱ्या पथकाचा अहवाल जानेवारी २०२३ मध्ये. दोन प्रश्न, दोन पथके, मध्ये जवळजवळ चार वर्षे.

या विभाजनाची किंमत आहे. पीडितांना पहिल्या अहवालात निम्मेच उत्तर मिळते. तरीही वापर झाला का हा प्रश्न वेगळा ठेवल्याने त्याचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाच्या राजकारणात बुडत नाही, आणि यजमान देश पथकाला आत येऊ देण्याची शक्यता थोडी वाढते. पथकाने पाते, खळगा आणि मोजलेली दिशा यांचे वर्णन अहवालात ठेवले व त्यावर कोणतेही अनुमान काढले नाही. तरुण सदस्य नाराज झाला. निवृत्त अधिकारी त्याला म्हणाले, "अरे, पंचनाम्यात आपण आरोपी पकडत नाही. जे दिसलं ते लिहितो. पण ते असं लिहितो की पुढच्याला पकडता आलं पाहिजे."

निष्कर्षाचे वाक्य असे ठरले: दोन पर्यावरणीय नमुने, त्यांची अखंड ताबासाखळी, परस्परांशी जुळणाऱ्या साक्षी आणि वैद्यकीय निरीक्षणे यांच्या आधारे संबंधित द्रव्याचा अस्त्र म्हणून वापर झाला असे मानण्यास वाजवी कारणे आहेत. ओपीसीडब्ल्यूच्या अहवालांत हीच पातळी वापरली जाते. ती फौजदारी न्यायालयातील निःसंशय सिद्धतेइतकी उंच नसते. त्यापुढच्याच परिच्छेदात कोऱ्या नमुन्याचे दूषण, त्याचे कारण, वगळलेला नमुना आणि एका साक्षीतला सूचक प्रश्न यांचा उल्लेख आला.

निष्पत्ती

यजमानांच्या वतीने वकिलांनी अहवाल फेटाळला, ते अपेक्षितच होते. मात्र समारोपाच्या चर्चेत भूमिकेतून बाहेर येऊन त्यांनी सांगितले की कोरा नमुना लपवला गेला असता तर त्यांचे सगळे काम एका वाक्यात झाले असते. तो आधीच जाहीर झाल्यामुळे त्यांना उरलेल्या दोन नमुन्यांवर हल्ला चढवावा लागला आणि तिथे हाती फारसे काही नव्हते. घूटाच्या अहवालाकडे पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. पथक पोहोचण्याआधी त्या जागांवर बरीच माणसे वावरली होती, वस्तू हलवल्या गेल्या होत्या, पुरावे बदलले गेले असण्याची शक्यता आहे, हे त्या अहवालात पथकाने स्वतःच लिहिले आहे.

सरावाने एक गोष्ट मुळीच पकडली नाही, ती म्हणजे भीती. तथ्यशोधन पथकाच्या ताफ्यावर मे २०१४ मध्ये स्फोटकांनी आणि बंदुकांनी हल्ला झाला होता. तशा दिवशी हातमोजे पाचव्यांदा बदलल्याची नोंद कोण करते, हे बंद निवासस्थानांच्या अंगणात कळण्याची शक्यता नव्हती.

वेगळे काय करता आले असते

पथकाच्या पातळीवर पहिला बदल क्रमाचा आहे. कोरा नमुना सुरुवातीला, गावात पाऊल टाकण्यापूर्वी घेतला असता तर त्याला पाच मिनिटे लागली असती आणि मोज्यांची शक्यता तिथेच संपली असती. बामाची शक्यता त्याने संपली नसती. त्यासाठी निघण्यापूर्वी अंगाला लावलेली मलमे, अत्तरे, डास पळवणारी क्रीम यांची लेखी विचारणा हवी होती. स्वच्छ जागेवरच्या मातीबरोबर एक रिकामी बाटलीही सोबत नेऊन, उघडून, बंद करून परत आणायला हवी होती, म्हणजे प्रवासात आणि हाताळणीत काय मिसळले ते वेगळे दिसले असते.

आयोजकांच्या पातळीवरचा दोष अधिक मोठा आहे. एकाच प्रयोगशाळेवर भिस्त ठेवली गेली आणि कोणता नमुना कोरा आहे हे तिला माहीत होते. ओपीसीडब्ल्यूच्या पद्धतीत नमुने किमान दोन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांकडे स्वतंत्रपणे जातात; ही मान्यता टिकवण्यासाठी प्रयोगशाळांना नियमित प्रावीण्य चाचण्या द्याव्या लागतात, आणि ग्वाल्हेरची संरक्षण संशोधन प्रयोगशाळा अशा मान्यता मिळालेल्यांपैकी आहे. संघटनेची स्वतःची प्रयोगशाळा खऱ्या नमुन्यांच्या सोबतीला मुद्दाम तयार केलेले नमुने मिसळते, काहींत रसायन घातलेले आणि काही कोरे, आणि तपासणाऱ्याला त्यातला कुठला कोणता हे सांगितले जात नाही. सरावात हे खर्चाच्या कारणाने टाळले होते, पण मिसळलेल्या नमुन्यांना खर्च जवळजवळ लागत नाही.

रबरी पट्टीबाबत माझे मत त्या दोन असहमत सदस्यांकडे झुकते. प्रमाणांची तुलना करण्यासाठी त्याच बामाचा एक ठिपका कोऱ्या रबरावर लावून यंत्रावर पाहिला असता, तर प्रश्न अर्ध्या तासात सुटला असता. डबी नमुना-अधिकाऱ्यांच्या पिशवीतच होती. ती कोणी मागितली नाही.

पुढचा सराव नवी मुंबईत क्लोरीनच्या कथानकावर घ्यायचे ठरले आहे, आणि ते बरेच अवघड आहे. क्लोरीन अनुसूचीत नाही. पाणी शुद्धीकरणापासून रंगद्रव्यांपर्यंत तो सगळीकडे लागतो आणि त्याचे टनर, म्हणजे मोठे सिलिंडर, या पट्ट्यातल्या कित्येक कारखान्यांच्या आवारात उभे असतात. त्यामुळे वायू होता का यापेक्षा तो तिथे कशासाठी होता हे पथकाला शोधावे लागेल. लाकडाच्या ढलप्या बंद पेटीत क्लोरीनच्या पाण्यावर ठेवून नमुने आधीच तयार करता येतील का, आणि तेवढ्याने लाकडात ओळखण्याजोगी संयुगे बनतील का, हे सध्या दोन विद्यार्थी तपासत आहेत.